मेस्त्रीचं मत

बाबालाल मुजावरवर मी जळायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला शोधत बसायला नको. चाळीस वर्षांची दोस्ती, एकाच वस्तादाचे आम्ही दोन चेले, ईदला मी त्याच्या घरी आणि दिवाळीला तो माझ्या घरी. तरी गेली चार वर्षं कुणी त्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं.

भांडण कानाचं होतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पांडबा वस्तादांच्या गॅरेजात आम्ही शिकलो. वस्तादांची एक रीत होती. आवाज करणारी गाडी आली की ते इंजिन चालू करायचे आणि आम्हाला डोळे मिटून उभं करायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाच्या भोकाशी. टकटक कशाची ते ज्यानं त्यानं वस्तादांना हळूच सांगायचं. मग इंजिन उघडायचं. ज्याचं चुकलं त्यानं सगळ्यांना चहा करायचा. बाबालालनं तीन वर्षांत इतका चहा केला, की शेजारचे लेथवालेसुद्धा त्याच्याच हातचा चहा मागायला लागले. मला अजून धड चहा जमत नाही, आणि याचा मला गर्व होता.

वस्तादांचा दुसरा नियम असा, की जो आवाज आपण स्वतः ऐकला नाही, त्याच्यासाठी पाना उचलायचा नाही. हा नियम मी कधी मोडला नाही. पुढं काय झालं ते त्या नियमानंच झालं.

आता रस्त्यावरच्या दहातल्या नऊ गाड्या बॅटरीवर चालतात. त्या बिघडल्या तर आवाजसुद्धा करत नाहीत, मुकाट बंद पडतात. पेट्रोलची जुनी इंजिनं उरली ती डोंगरी तालुक्यांत. शाहूवाडी, गगनबावडा, आजऱ्याची वरची बाजू. तिथं चार्जिंगची सोय धड नाही म्हणून सरकारनं सवलत दिलीय. पण पंधरा वर्षांपुढच्या प्रत्येक इंजिनाची दर सहा महिन्यांनी तपासणी सक्तीची केली, आणि ती तपासणी करायला पुण्याच्या एका कंपनीनं यंत्र काढलं. त्याचं नाव कानसेन.

यंत्र करण्याआधी कंपनीला मेस्त्री हवे होते. जिल्ह्यातले वीसबावीस जण आम्ही गेलो. मला वाटलं, समोर इंजिन ठेवतील. कसलं काय! काचेच्या एका खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि बारीक पिपाण्या ऐकवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. मी चिडलो. मेस्त्रीचा कान तपासायला इंजिन लागतं, पिपाणी नाही, असं तपासणी घेणाऱ्या पोरीला तोंडावर सांगून मी बाहेर आलो. पंधरा दिवसांनी बाबालालला पत्र आलं. मला आलं नाही.

तो दीड वर्ष पुण्याला होता. त्याच्यासारखे अकरा मेस्त्री अजून. त्यांना हजारो इंजिनांचे आवाज ऐकवले आणि प्रत्येकाचा बिघाड बोलून घेतला. त्या बोलण्यावर यंत्र शिकलं. ज्याच्या हातचा चहा मी तीन वर्षं प्यालो, त्याचे कान राज्यभरच्या गॅरेजांत पोचले आणि माझे उद्यमनगरातच राहिले. माझी चरफड तुमच्या लक्षात येईल.

यंत्र वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तळहाताएवढ्या दोन चकत्या, प्रत्येकीत आठ कान. एक चकती इंजिनाच्या डोक्यावर चिकटवायची, एक खाली पोटाला. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. त्यामुळं टिकटिक दोन फेऱ्यांत एकदा आली तर बिघाड वरच्या अंगाला, दर फेऱ्याला आली तर खाली क्रँककडं. एवढं आम्हालाही कळतं. पण कानसेन पुढं जातं. लोखंडातून आवाज हवेपेक्षा पंधरापट वेगानं पळतो. तो या कानापाशी आधी पोचला की त्या कानापाशी, हा फरक ते मोजतं. सेकंदाचे लाख तुकडे केले तर त्यातल्या एकदोन तुकड्यांचा हा फरक असतो. त्यावरून आवाज नेमका कुठं जन्मला ते बोटभर जागेत दाखवतं. मग तो आवाज साठवणीतल्या लाखो आवाजांशी ताडून बघतं आणि पडद्यावर बिघाडाचं नाव आणि खात्रीची टक्केवारी देतं.

पण यंत्राला कोर्टात उभं करता येत नाही. म्हणून त्या पडद्यावर खाली एक चौकट ठेवलीय, ‘मेस्त्रीचं मत’. तिथं माणसानं लिहायचं आणि सही करायची. यंत्र आणि मेस्त्री यांचं पटलं नाही तर शब्द मेस्त्रीचा. सगळी मतं जिल्हा परीक्षकाकडं जातात. आमच्या जिल्ह्याचा परीक्षक कोण, हे सांगायला नको.

पहिल्या वर्षी मी यंत्राशी बारा वेळा भांडलो. दुसऱ्या वर्षी पन्नास वेळा. ते कुठंतरी टिकटिक आहे म्हणायचं. मी स्क्रू ड्रायव्हर लावायचो, डोळे मिटायचो आणि मला काही ऐकू यायचं नाही. जे नाही ते नाही. ‘बिघाड नाही’ असं लिहून मी सही ठोकायचो, आणि सही करताना मला बाबालालच्या पाठीत धपाटा घातल्यासारखं बरं वाटायचं.

मग गिऱ्हाईकं जायला लागली. आधी शिंदे गुरुजी गेले. मग कळे गावचा दूधवाला गेला, मग भुदरगडचे दोघं. मी गाडी बघून सोडली की आठवड्याभरात तीच गाडी बाबालालच्या दारात दिसायची. एकदा तर माझ्या बायकोचा, शालनचा, सख्खा भाऊ तिथं बोनेट उघडून उभा! मला बघून त्यानं मान फिरवली.

“पळवतोय तो माझी माणसं,” मी घरी येऊन ओरडलो. “परीक्षक झालाय न्हवं! माझी मतं वाचतो आणि गिऱ्हाइकांना फोन करतो.”

शालन भाजी निवडत होती. “बाबालालभावजी तसं करायचे न्हाईत,” ती म्हणाली. “आणि अहो, त्या फ्रिजचं दार लावा की. कवापासनं पीं-पीं करतंय, ऐकू येत न्हाई व्हय तुम्हाला?”

मी दार लावलं. ती पुढं काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, कारण ऐकायचं नव्हतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी बाबालालची लेक माझ्या गॅरेजात आली. नसीमा गगनबावड्याला जनावरांची डॉक्टर आहे. एकोणीस वर्षांची लाल पेट्रोल गाडी घेऊन ती वाड्यावस्त्यांवर गाई-म्हशी बघत फिरते. ती गाडी बाबालालनंच तिला दिली होती.

“काका, गाडी जरा बघता का?” ती म्हणाली. “सकाळी गार असताना टिकटिक करते. पाच मिनिटं चालली की बंद होते.”

“अब्बा कुठं गेलं तुझं?”

“पुण्याला, कंपनीत. सोमवारी येणार. म्हणाले आल्यावर बघतो. मी म्हटलं काका आहेत की.”

मला काय वाटलं ते लपवत नाही. दिवाळी झाली माझी! परीक्षकाची लेक, परीक्षकाला सोडून माझ्या दारात! मी तिला खुर्ची दिली, पंख्याचं तोंड तिच्याकडं केलं, जानेवारीत. इंजिन गार होईपर्यंत तासभर आम्ही गप्पा मारल्या. उद्या ती आईला घेऊन गगनबावड्याला जाणार होती. अमिना वहिनींना चार दिवस लेकीकडं राहायचं होतं.

“हल्ली डोकं जड होतं माझं,” ती मधेच म्हणाली. “गाडीत बसलं की जास्तच.”

“घाटात थंडी लई. कानटोपी घालत जा,” मी म्हणालो.

इंजिन गार झाल्यावर मी दोन्ही चकत्या लावल्या आणि गाडी चालू केली. पडद्यावर अक्षरं उमटली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट, तिसऱ्या सिलिंडरपाशी फट. खात्री एक्याऐंशी टक्के.

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून मागं नेणारी नळी. तिच्या सांध्यातली पातळ पट्टी म्हणजे गॅस्केट, तिला फट पडली की दर स्फोटाला तिथून धुराचा फुसकारा सुटतो आणि तो टिकटिकीसारखा ऐकू येतो. इंजिन तापलं की धातू फुगतो, फट मिटते, आवाज जातो. नसीमानं सांगितलेली लक्षणं तंतोतंत हीच होती. मला ते कळत नव्हतं असं नाही. पण मी स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले, आणि तिथं काहीच नव्हतं. इंजिन आपलं गुरगुरत होतं, बस्स. मी तीन वेळा लावला.

“तुला आत्ता ऐकू येतंय व्हय?” मी तिला विचारलं.

“येतंय ना. बारीक, टिक-टिक-टिक. तुम्हाला?”

एक्याऐंशी टक्के. म्हणजे बाबालालच्या कानाचे एक्याऐंशी टक्के, आणि वर त्याची लेक. घरातलं सगळं खानदान मला माझ्याच गॅरेजात शिकवायला आलं होतं. माझं टाळकं सटकलं.

“ते इंजेक्टर वाजतंय,” मी म्हणालो. “सगळ्याच जुन्या गाड्यांचं वाजतं. काही झालेलं न्हाई. बिनघोर जा.”

चौकटीत मी लिहिलं, ‘बिघाड नाही. हिंदुराव मगदूम.’ आणि जरा लांबलचक सही केली. बाबालालनं वाचावी म्हणून.

रविवारी सकाळी साडेआठला त्याचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

“नसीमा आन् अमिना दवाखान्यात हायत. गाडीत गॅस भरला. मी पुण्यावरनं निघालोय. तू जवळ हायस, जाऊन बस.”

मी कसा पोचलो ते आठवत नाही. दोघींच्या तोंडावर ऑक्सिजन लावला होता. डॉक्टरांनी सांगितलं ते मी खाली मान घालून ऐकलं. जळक्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. फटीतून तो बोनेटखाली साठला, हीटरच्या हवेबरोबर आत आला. धुकं होतं, काचा बंद होत्या. अमिना वहिनी मागच्या सीटवर झोपल्या, आणि ती झोप साधी नव्हती. नसीमाला समोरचा रस्ता दोन दोन दिसायला लागला होता. तेवढ्यात बाबालालचा फोन गेला. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा तिनं उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा तिची जीभ जड झाली होती. तो नुसता ओरडत होता, गाडी थांबव, दारं उघड, आईला बाहेर ओढ. अजून दहा मिनिटं गेली असती तर दोघी वाचल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले.

दुपारी बाबालाल आला. माझ्याकडं न बघता आत गेला. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो आणि संध्याकाळी उठून घरी आलो. जेवलो नाही.

मंगळवारी सकाळी एक टेम्पो लाल गाडी ओढत माझ्या गॅरेजापुढं थांबला. मागून बाबालाल उतरला. नसीमा आणि वहिनी घरी आल्या होत्या, बऱ्या होत्या, एवढं मला शालनकडून कळलं होतं.

“गाडी हितं कशाला आणलीस?” मी विचारलं.

“बिघाड तू सोडलास. काढायचा पण तूच.”

त्या वेळी मी काय बोलायला हवं होतं? माफी मागायला हवी होती. पण माझ्या तोंडातून चार वर्षांचं विष बाहेर पडलं. “व्हय, चुकलो मी! एकदा चुकलो! तू काय कमी केलंस? माझी गिऱ्हाईकं एकेक करून पळवलीस. शालनचा भाऊ सुदीक सोडला न्हाईस!”

बाबालालनं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या टूलबॉक्सवर पसरला.

“बघ. दोन वर्षांतल्या तुझ्या सगळ्या गाड्या. यंत्राचं मत, तुझं मत आन् शेवटी बिघाड काय निघाला.”

कागदावर ठिपके होते. डावीकडं जाड, घोगरे आवाज, उजवीकडं बारीक, तीक्ष्ण. डावीकडचे ठिपके सगळे हिरवे. क्रँक, बेअरिंग, पिस्टन, एक चूक नाही. मधे कुणीतरी उभी रेघ ओढली होती, आणि तिच्या उजवीकडं सगळे लाल.

“सेकंदाला तीन हजार कंपनांच्या वरचं तुला ऐकू येत न्हाई, हिंद्या,” तो म्हणाला. “यंत्राला इंजिन तपासायला सांगितलं, त्यानं मेस्त्री पण तपासला. आठ महिन्यांमागं पुण्याच्या इंजिनेरनं मला हा कागद दिला. म्हणाला, ह्या माणसाचं कान गेल्यात, सही काढून घ्या.”

“मग काढली का न्हाईस?”

“कशी काढू? तुझी सही काढायची, आन् ती पण मी?” त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “कागद दाबून ठेवला. तू सोडलेली गाडी दिसली की त्या माणसाला गुपचूप फोन करायचो, माझ्याकडं आण म्हणून. काम करून द्यायचो. हिंदुरावला सांगू नको, त्याला वाईट वाटंल, असं म्हणायचो. गुरुजींना तेच सांगितलं, तुझ्या मेव्हण्यालाही तेच.”

मला मेव्हण्यानं फिरवलेली मान आठवली. त्याला माझी कीव आली होती. चार वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो, तो माझी अब्रू झाकत बसला होता.

“रविवारी सकाळी पडदा उघडला,” बाबालाल म्हणाला, “आन् तुझ्या सहीवर माझ्याच पोरीच्या गाडीचा नंबर.”

मग त्यानं यंत्र घेतलं, शनिवारची नोंद काढली. “हेडफोन लाव. आवाज दोन सप्तकं खाली आणलाय.”

मी हेडफोन लावला. आधी नुसती गुरगुर. मग तिच्यातून ठक, ठक, ठक. जाड झालेला, पण तोच. फुसकाऱ्याचं शेपूट असलेला. पंचवीस वर्षांपूर्वी डोळे मिटून मी तो रस्त्याच्या पलीकडून ओळखला असता. शनिवारी तो माझ्या कानापासून वीतभर अंतरावर होता. मी हेडफोन काढला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हाताला ग्रीस होतं.

“माफ कर,” मी म्हणालो. “मला तुझा लई हेवा वाटत होता रं. त्या दिवशी मला टिकटिकीपेक्षा तुला खोटं पाडायचं होतं.”

“मला ठावं हाय,” बाबालाल म्हणाला. “पत्र आलं त्या दिवसापासनं ठावं हाय. मला पण जरा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? तीन वर्षं चहा केलाय मी.” त्यानं कागदाची घडी घातली. “अहवाल काल पाठवला. तुझा आन् माझा बी. तुझी सही जाईल, माझं परीक्षकपण. बरोबरच हाय. मी कागद दाबला नसता तर नसीमाला तू बिनघोर जा म्हणूच शकला नसतास.”

मी बोनेट उघडलं. मॅनिफोल्डचे नट गंजलेले होते, दोन मोडले. गॅस्केट काढून त्याच्या हातात दिलं. तिसऱ्या सिलिंडरपाशी काजळीची काळी जीभ बाहेर आली होती, यंत्रानं दाखवलेल्या जागेवर अगदी बरोबर. पृष्ठभाग घासून साफ केला, नवं गॅस्केट बसवलं, नट आतून बाहेर अशा क्रमानं आवळले. या कामाला कान लागत नाहीत. माझे हात अजून चांगले आहेत, एवढं त्या दोन तासांत मला कळलं. बाबालाल खुर्चीवर बसून बघत होता, मधेच पाना देत होता.

मी गाडी चालू केली. इंजिन गार होतं, आवाज असता तर आत्ताच असता. मला नेहमीसारखीच गुरगुर ऐकू आली. चकत्या बाकावर पडल्या होत्या. मी त्यांना हात लावला नाही. लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि मूठ बाबालालपुढं केली.

“तू ऐक,” मी म्हणालो.

चाळीस वर्षांत हे मी त्याला कधी म्हणालो नव्हतो. तो उठला, टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाशी धरली आणि वस्तादांनी उभं केल्यासारखे डोळे मिटले. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्याला काय काय ऐकू येत असेल, व्हॉल्व्हची खटखट, इंजेक्टरची किटकिट, साखळीची सळसळ, माझ्याकडून गेलेलं सगळं. आणि खरं सांगतो, तेव्हासुद्धा मी जळलोच. जरा कमी, पण जळलो.

“गेला,” बाबालालनं डोळे उघडून सांगितलं. “साफ गेला.”

मी गाडी बंद केली. तो सवयीनं कोपऱ्यातल्या स्टोव्हकडं वळला आणि पातेलं शोधायला लागला. मी त्याच्या हातातून पातेलं काढून घेतलं.

“बस खाली,” मी म्हणालो. “चुकलं कुणाचं?”